पेलेट शेगडीत जळण उतरेनासे झाले तर



आपल्या पत्रिकेला आधार देणाऱ्या अनेक कुटुंबांची मुले आता थंड देशांत स्थायिक झाली आहेत. मुलीच्या बाळंतपणासाठी मी व माझी पत्नी गेल्या हिवाळ्यात तीन महिने अमेरिकेत, न्यू हॅम्पशायर राज्यात होतो. तेथे एका रात्री घरातील शेगडी बंद पडली. परत आल्यावर ती हकिकत मी संपादकांना सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही आयटीआयमध्ये तीस वर्षे फिटरचा ट्रेड शिकवलात. धडाच लिहून द्या." म्हणून हा धडा. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती लपवून धडा लिहिता आला असता, पण मग तो कोणाच्या कामाचा राहिला नसता.

प्रथम ही शेगडी म्हणजे काय ते पाहू. लाकडाचा भुसा जोराने दाबून त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या करतात. त्यांना पेलेट म्हणतात. जाडी साधारण ६ मिलिमीटर, लांबी एक-दोन बोटांची पेरे. त्यात गोंद घालावा लागत नाही. दाबामुळे भुसा तापतो, लाकडातला लिग्निन नावाचा नैसर्गिक चिकट अंश मऊ होतो आणि थंड झाल्यावर तोच कांडी बांधून ठेवतो. १९७३ साली तेलाचे भाव भडकल्यावर अमेरिकेत लाकूड गिरण्यांच्या भुशाकडे लोकांचे लक्ष गेले, आणि १९८०च्या दशकात घरात ठेवण्याजोग्या पेलेट शेगड्या बाजारात आल्या. कांड्या ४० पौंडांच्या, म्हणजे सुमारे १८ किलोच्या, प्लास्टिक पिशव्यांत मिळतात. पन्नास पिशव्यांचा तेथला एक टन होतो.

शेगडीची रचना आपल्या शेतकरी वाचकांना पाभरीवरून लगेच कळेल. पाभरीला वर चाडे असते, त्यात बी सोडतात, ते नळ्यातून खाली फणाशी उतरते. येथेही वर चाड्यासारखी पेटी असते, तिला हॉपर म्हणतात. फरक एवढाच, की येथे कांड्या आपोआप उतरत नाहीत. हॉपरच्या तळाशी एका तिरप्या नळीत मळसूत्री स्क्रू असतो, त्याला ऑगर म्हणतात. मळणीयंत्रात धान्य वर चढवणारा असतो तसाच, पण लहान. एक छोटी विजेची मोटर, गिअरबॉक्समधून, त्याला अगदी सावकाश फिरवते. स्क्रूच्या वरच्या टोकाला पोचलेल्या कांड्या घसरगुंडीवरून खाली जळणाच्या लोखंडी भांड्यात पडतात. भांड्याला भोके असतात, त्यांतून हवा येते. धूर ओढून बाहेर फेकायला एक पंखा आणि खोलीत गरम हवा सोडायला दुसरा. म्हणजे ही शेगडी लाकडावर चालते खरी, पण वीज गेली की तीही जाते.

पाभरीचा नळा तुंबला की मागे वळून पाहणाऱ्याला कळते, न पाहणाऱ्याला पीक उगवल्यावर कळते. आमचे दुसऱ्या प्रकाराने झाले.

जानेवारीचा महिना. बाहेर उणे २२ अंश. नात अकरा दिवसांची. पहाटे अडीच-तीनच्या सुमारास मुलगी उठली तेव्हा शेगडीची काच काळी होती आणि खोली गार पडत चालली होती. जावयाने सुरू करण्याचे बटण दाबले. पंखा लागला, कांड्या मात्र पडल्या नाहीत. त्याने पाच-सहा वेळा तेच केले. मी उठून कान लावला. मोटरचा घुं-घुं आवाज येई, तिचा आस किंचित हले आणि झटका खाऊन मागे येई. मी एका क्षणात निदान केले, "मोटर गेली." इतक्या वर्षांच्या अनुभवाचा माणूस बोलला, म्हणून कोणी प्रश्न विचारला नाही. जावयाने त्याच रात्री नवी मोटर मागवली. बर्फामुळे ती चौथ्या दिवशी आली. तोपर्यंत आम्ही पाचही जण दोन विजेच्या हीटरवर एका खोलीत राहिलो. रात्री आळीपाळीने एक जण जागा राही, कारण वीज जाईल की काय ही धास्ती. स्वयंपाकघरातला नळ गोठू नये म्हणून थेंब-थेंब चालू ठेवला होता.

नवी मोटर बसवली. तीही घुं-घुं करून झटका खाऊ लागली. मी गप्प. तेव्हा मुलगी म्हणाली, "पप्पा, तो स्क्रू हाताने फिरवून पाहिलात का?"

नव्हता पाहिला. आयटीआयमध्ये पहिल्या सहा महिन्यांत मी मुलांना शिकवीत असे, की चालवणारा भाग आणि चालणारा भाग आधी वेगळे करा, मग कोण दोषी ते ठरवा. मोटर व ऑगर यांना जोडणारा ग्रब स्क्रू ॲलन कीने सैल करायला दोन मिनिटे लागतात. ते केले असते आणि सुटी मोटर मोकळी फिरताना दिसली असती, तर दोष पुढे आहे हे तेव्हाच कळले असते. बाळ रडत होते, अंधार होता, थंडी होती. सबबी पुष्कळ आहेत.

आता नीट क्रमाने पाहू. "शेगडीत जळण उतरत नाही" हे एकच वाक्य पाच निरनिराळ्या दोषांना लागू पडते. म्हणून सगळ्यात आधी पाहायचे ते हे, की नेमके काय थांबले आहे? हॉपरचे झाकण लावा, दार घट्ट बंद करा, शेगडी सुरू करा आणि ऑगरच्या मोटरकडे पूर्ण मिनिटभर पाहत राहा. मिनिटभर म्हणतो त्याला कारण आहे. ही मोटर सलग फिरत नाही. एक-दोन सेकंद फिरते, काही सेकंद थांबते, पुन्हा फिरते. उष्णता कमी ठेवली असेल तर थांबणे अधिक. थांबलेल्या क्षणी पाहून "मोटर बंद आहे" म्हणणारे पुष्कळ आहेत.

मोटर फिरते, पण स्क्रू फिरत नाही, असे दिसले तर जोडणीचा ग्रब स्क्रू सैल झाला आहे किंवा पिन तुटली आहे. कधी गिअरबॉक्सचे दात झिजलेले असतात, मग आतून कटकट आवाज येतो. स्क्रूही फिरतो पण कांड्या येत नाहीत, तर हॉपरमध्ये पाहा. पुष्कळदा वर कांड्या भरपूर दिसतात आणि खाली पोकळी असते. कांड्या एकमेकींना अडकून कमान धरतात, जशी ओल्या धान्याची कणगीत धरते. शेगडी बंद करून लाकडी दांड्याने ती कमान मोडा. हात घालू नका. सावकाश फिरणारा स्क्रूही बोट सोडत नाही. कमान पुन्हा पुन्हा होत असेल तर तळाशी भुशाची पूड साचली आहे. प्रत्येक पिशवीच्या तळाला थोडी पूड असतेच. ती हॉपरच्या उतारावर बसते, दाबली जाते आणि कांड्यांचा रस्ता अरुंद करते. पन्नास पिशव्या जळल्या की हॉपर पूर्ण रिकामे करून पूड काढावी. आमच्या जावयाने दोन हिवाळे ती काढली नव्हती.

मोटर घुमते आणि झटका खाते, म्हणजे आमचा दोष. याचा अर्थ बहुधा नळी तुंबली आहे. पिशवीतून आलेला खिळा, एखादी फार लांब कांडी आडवी बसणे, ही कारणे असतात. पण सर्वांत वाईट कारण पाणी. कांडी ओली झाली की ती फुगते, तिचा पुन्हा भुसा होतो, आणि तो भुसा स्क्रूच्या पेडांत दाबला जाऊन वाळला की लाकडाच्या गुडदीसारखा कडक होतो. मुलीच्या घरी पिशव्या गॅरेजमध्ये थेट सिमेंटच्या जमिनीवर रचल्या होत्या. मोटारीवरचा बर्फ वितळून पाणी जमिनीवरून त्यांच्याखाली जाई. पिशव्यांच्या प्लास्टिकला बारीक भोके असतात. तळातली पिशवी त्या आठवड्यात उघडली होती. मी नंतर तीतली एक कांडी हातात घेतली: फिकी, जाड, अंगावर आडव्या भेगा, बोटांत चुरली की पीठ. चांगली कांडी गुळगुळीत आणि किंचित चकचकीत असते व मोडताना कट्ट आवाज येतो. ही परीक्षा दुकानातच करून घ्यावी, त्याला यंत्र लागत नाही.

गुडदी आम्ही कशी काढली ते सांगतो. आधी प्लग भिंतीतून काढला. नुसते बटण बंद करून भागत नाही. शेगडी थंडच होती, तुमची नसेल तर पूर्ण थंड होऊ द्या. हॉपर डब्याने व हाताने रिकामे केले. मोटर सोडवली. ऑगरच्या आसाला पकड लावून उलट दिशेने, म्हणजे कांड्या परत हॉपरकडे येतील असा, थोडा थोडा हिसका दिला. सुलट दिशेने जोर केला तर गुडदी आणखी आवळते. हलेना, तेव्हा घसरगुंडीच्या बाजूने लांब स्क्रू-ड्रायव्हर घालून ती टोचून टोचून फोडली. पाऊण तास लागला. तेवढ्यानेही सुटली नाही तर अख्खा ऑगर बाहेर काढावा लागतो. पुन्हा बसवताना टोकाचा बुश झिजला आहे का हे पाहावे. गुडदी मऊ व्हावी म्हणून पाणी ओतण्याचा मोह होतो, पण पाण्यानेच ती झाली आहे. तेलाचा किंवा गंज सोडवणाऱ्या फवाऱ्याचाही उपयोग करू नये, कारण तो जळणाच्या वाटेवरच राहतो.

आता चौथा प्रकार, म्हणजे मोटर मुळीच हलत नाही, आवाजही नाही. येथे घाईने मोटर बदलू नका, हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो ते तुम्हाला कळले आहेच. मोटरकडे वीज पोचू नये म्हणून वाटेत चार-पाच पहारेकरी मुद्दाम बसवलेले असतात. फ्यूज असतो. बऱ्याच शेगड्यांत झाकणाचा आणि दाराचा स्विच असतो. व्हॅक्यूम स्विच असतो: धूर ओढणारा पंखा पुरेशी ओढ निर्माण करत नसेल, तर हा स्विच ऑगरला फिरूच देत नाही, कारण तसे झाले तर धूर घरात येईल. त्याची बारीक रबरी नळी राखेने बुजली, तिला चीर पडली किंवा दाराचे दोरीचे गॅस्केट दबून हवा येऊ लागली, तरी तो तोच निर्णय घेतो. मग मोटर, स्क्रू, कांड्या सगळे शाबूत आणि शेगडी थंड. धुराड्यात राख साचली असेल, बाहेर तोंडाशी बर्फाचा ढीग झाला असेल, तरीही हेच. म्हणून हिमवृष्टीनंतर आधी घराबाहेर जाऊन धुराड्याचे आणि हवेच्या नळीचे तोंड पाहावे. फावड्याने दुरुस्त होणारा हा एकच दोष.

उष्णतेवर चालणारे दोन गोल चकतीसारखे स्विच असतात. दिसायला जुळे, स्वभावाने उलट. एक शेगडी फार तापली तर वीज तोडतो. तो थंड असताना जोडलेला असतो, आणि पुष्कळ शेगड्यांत त्याच्या मधोमध बारीक बटण असते, ते दाबले की पुन्हा जोडला जातो. दुसरा आग लागली आहे याची साक्ष देतो. तो थंड असताना तुटलेला असतो आणि तापल्यावर जोडतो. सुरुवातीची ठरावीक मिनिटे यंत्र त्याच्या साक्षीशिवाय कांड्या सोडते. तेवढ्यात तो तापला नाही तर जळण बंद करते. यावरून एक फार उपयोगी खूण मिळते. शेगडी छान पेटते, पंधरा-वीस मिनिटे जळते आणि मग कांड्या येणे थांबते, असे रोज होत असेल तर संशय या साक्षीदारावर घ्यावा. कधी तो खरेच बिघडलेला असतो, कधी त्याच्यावर राखेचा थर असल्याने त्याला ऊब लागत नाही. प्लग काढून, मल्टीमीटरने तपासताना हा उलटा स्वभाव लक्षात ठेवला नाही तर चांगला स्विच फेकला जातो. व्हॅक्यूम स्विचही स्वस्थ असताना तुटलेलाच दिसतो. त्याची रबरी नळी काढून तोंडाने अगदी हलके ओढले की टिक् असा आवाज यावा.

काही जण हे स्विच तारेने जोडून टाकतात आणि "शेगडी चालली" म्हणतात. पहारेकऱ्याला बांधून ठेवले की चोर येत नाही असे होत नाही. बिनवासाचा कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसाला उठवत नाही. अशा घरात त्याची घंटा देणारे यंत्र झोपण्याच्या खोलीजवळ असलेच पाहिजे. पेलेटचा मोठा साठा बंद कोठीत केला तर न जाळताही त्यातून हा वायू निघतो. युरोपात अशा कोठीत उतरलेली माणसे मेली आहेत. दोन-चार पिशव्यांनी तसे होत नाही, पण कोठी भरणाऱ्याने दार उघडून हवा खेळू द्यावी.

पाचवा प्रकार जळण न उतरण्याचा नव्हेच, पण लोक त्याला तेच नाव देतात. कांड्या पडतात, तरी आग मरते किंवा पिवळी-तांबडी आळसट होते. हा हवेचा दोष. भांड्याची भोके राखेने किंवा खंगराने बंद झाली असतात. वीटभट्टीत फार भाजलेल्या विटेचा खंगर होतो, तसा येथे राख वितळून होतो. रोज सकाळी थंड भांडे खरवडून भोके मोकळी करावीत. राख उचलताना ध्यानात ठेवावे, की निखारा राखेत दिवसभरही जिवंत राहतो. घरच्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढलेल्या निखाऱ्याने घरे जळली आहेत. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून डबा घराबाहेर ठेवावा.

उलट कांड्या जास्त पडत असतील तर पिशवी बदलली का ते आठवा. आखूड कांड्या दाट बसतात, लांब कांड्या विरळ. तेवढ्याच फेऱ्यांत आखूड कांड्यांचे जळण जास्त उतरते. यंत्रात बिघाड नसतो, फक्त हवा थोडी वाढवायची असते. आणि बटण पुन्हा पुन्हा दाबून भांड्यात न पेटलेल्या कांड्यांचा ढीग झाला असेल, तर तो काढूनच पुन्हा सुरू करावे. ढीग आधी नुसता धुमसतो, शेगडीत धुराचा वायू भरतो आणि मग एकदम भडका होऊन काच फुटू शकते. रॉकेल, स्पिरिट यांचे तर नावही नको.

आपल्याकडे खोली तापवायला ही शेगडी कोणी घेणार नाही. पण पेलेट आपल्याकडेही आले आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील तंत्रावर बनलेली 'ऊर्जा' नावाची पेलेट चूल २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्र व कर्नाटकात विकली गेली. तीत कांड्या एकदाच भरायच्या, खाली बॅटरीवरचा छोटा पंखा, म्हणजे ऑगरचा प्रश्नच नव्हता. आता मोठ्या स्वयंपाकघरांसाठी हॉपर लावलेले बर्नरही मिळतात. ज्या वसतिगृहात रोज शंभर-दोनशे मुलांचे जेवण होते, तेथे कोणी असा बर्नर बसवणार असेल, तर वरचे बहुतेक सारे त्याला लागू आहे. दोन गोष्टी मात्र वेगळ्या. आपले पेलेट सोयाबीनचे काड, पऱ्हाट्या, भुईमुगाची टरफले यांचे असतात. लाकडापेक्षा त्यांत राख कितीतरी जास्त, म्हणून खंगर लवकर धरतो आणि भांडे दिवसातून एकदा साफ करून पुरत नाही. दुसरी गोष्ट पावसाळा. कोकणात किंवा इगतपुरीच्या पट्ट्यात जुलैमध्ये उघडी राहिलेली पिशवी आठवड्यात मऊ पडते. जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळ्या, भिंतीपासून सुटे, आणि उघडलेली पिशवी झाकणाच्या पिंपात. एवढे करता येत नसेल तर पावसाळ्यापुरते लाकूड किंवा गॅस बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलांचे जेवण दोन तास उशिरा होण्यापेक्षा ते परवडते.

त्या दिवशी गुडदी निघाल्यावर मी हट्टाने जुनीच मोटर परत बसवली. ती फिरली. पहिल्या कांड्या भांड्यात टिकटिक पडल्या तेव्हा मुलीची आई बाळाला घेऊन दारात उभी होती. नवी मोटर परत पाठवता आली नाही, कारण खोके फाडले होते. ती आता गॅरेजच्या फळीवर कापडात गुंडाळून ठेवली आहे. तिच्याखाली लाकडी फळ्यांवर पिशव्या रचल्या आहेत, आणि प्रत्येक पिशवी हॉपरमध्ये ओतण्याआधी जावई ती चाळतो. चाळण आमच्या घरची आहे, गव्हाची. मुलीने मुद्दाम मागवून घेतली.